हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ : नववीच्या वर्गातल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

भूगोलाची वही (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “बाई, अमेरिकेत हरिकेन येतं, जपानात टायफून येतं आणि आपल्याकडे चक्रीवादळ येतं. मग तिघांत सगळ्यांत मोठं कोण?” प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता, पण तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर अर्ध्यावर राहिले. ते इथे नीट लिहून काढावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, यासाठी हा धागा काढत आहे.

तिघांत मोठे-लहान असे काही नाही, कारण ही तीन वादळे नाहीतच. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर जन्मणारे, मधोमध कमी दाब असलेले आणि त्या मध्याभोवती फिरत राहणारे असे ते एकच वादळ आहे. उत्तर अटलांटिकमध्ये आणि पॅसिफिकच्या ईशान्य भागात त्याला हरिकेन म्हणतात. फिलिपिन्स, तैवान, चीन आणि जपानच्या बाजूच्या पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात. हिंदी महासागरात आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये त्याचे नाव सायक्लोन, म्हणजे आपले चक्रीवादळ. उत्तर पॅसिफिकमधली हद्द १८० अंश रेखावृत्तावर धरलेली आहे. १९९४ साली ‘जॉन’ नावाचे हरिकेन पश्चिमेकडे सरकत ती रेषा ओलांडून गेले, तेव्हा त्याची नोंद टायफून म्हणून होऊ लागली, आणि पुढे ते वळून पूर्वेला परतले तेव्हा पुन्हा हरिकेन झाले. वर्गात नकाशावर हा प्रवास बोटाने दाखवला, तर मुलीला दुसरे काही सांगावे लागणार नाही असे मला वाटते.

नावांची कुळे मात्र खरोखर वेगळी आहेत. हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. सायक्लोन हा शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्यात राहून बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या नोंदी गोळा करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४०च्या दशकात, सापाच्या वेटोळ्याची आठवण करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. टायफूनच्या मुळाशी अरबी, ग्रीक आणि चिनी असे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांतला अरबी धागा म्हणजे ‘तुफान’. आपण सहज ‘तुफान पाऊस झाला’ म्हणतो, तेव्हा टायफूनच्या एका नातलगाचेच नाव घेत असतो.

आता जन्माविषयी. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेले असावे लागते, आणि तेही नुसते वरवर नव्हे, तर सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. कारण वादळी वारा पाणी घुसळतो, आणि वरचा थर पातळ असेल तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळ स्वतःच्याच पायाखालची ऊब घालवून बसते. तापलेल्या पाण्याची वाफ होते, ती हवेबरोबर वर जाते, वर थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते, आणि वाफ होताना पाण्याने जी उष्णता पोटात घेतलेली असते ती तिथे ढगात बाहेर पडते. त्या सुप्त उष्णतेने आजूबाजूची हवा आणखी तापते, आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो, आणि चहूबाजूंनी ओलसर हवा आत ओढली जाते. हे चक्र सुरू व्हायला आधीपासून कुठेतरी ढगांचा आणि कमी दाबाचा पुंजका असावा लागतो. स्वच्छ आकाशाखालच्या शांत समुद्रावर ते आपोआप उभे राहत नाही. खालच्या आणि वरच्या थरांतले वारेही एकमेकांपेक्षा फार वेगळ्या दिशेने किंवा वेगाने वाहणारे नसावेत.

सुप्त उष्णता हा शब्द मुले पाठ करतात, पण त्यांना तो उमगत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. कोणाकडे चांगले उदाहरण असेल तर जरूर सांगावे.

करवीरचा गुऱ्हाळकरी

ताई, आमचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उदाहरण मला तिथे रोज दिसते.

चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी उसाचे चिपाड घालणारा माणूस तासन्‌तास बसतो. तिथली हवा भट्टीसारखी तापलेली असते, तरी तो ती सोसतो. पण काहिलीतला रस खदखदत असताना त्याच्या वाफेत चुकून हात गेला, तर क्षणात चटका बसतो आणि कातडी लाल होते. मी लहान असताना आमच्या गुळव्यांना याचे कारण विचारले होते. ते म्हणाले होते, “वाफ हाताला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती पोटातली आग टाकते.” त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात सुप्त उष्णता वाचली, तेव्हा मला त्यांचे वाक्य आठवले. चिपाडाची जी आच रसाने घेतली, तीच वाफेबरोबर वर गेली आणि जिथे पाणी झाले तिथे उतरली. थंडीच्या पहाटे छपराच्या पत्र्याला आतून जे थेंब सुटतात, त्या प्रत्येक थेंबाने पत्र्याला थोडी ऊब दिलेली असते.

दुसरी गोष्ट ओढीची. धुराड्यातून गरम हवा वर जाऊ लागली की चुलवाणाच्या तोंडातून बाहेरची हवा आपोआप आत शिरते. भाता लावावा लागत नाही. धुराडे जितके चांगले ओढते तितकी आच वाढते, आणि आच वाढली की ओढ आणखी वाढते. समुद्रावर हेच होत असणार, फक्त तिथे चिपाडाच्या जागी पाण्याची वाफ आहे. आणि चिपाड ओले निघाले किंवा संपले, तर काहिलीची उकळी बघता बघता बसते. जमिनीवर आल्यावर वादळ मोडते ते याच कारणाने का?

पण एक शंका उरते. माझ्या धुराड्यातून हवा सरळ वर जाते, ती गरगरत नाही. मग समुद्रावर तिला फिरकी कोण देतो?

दर्यावर्दी

दादा, काहिलीचे उदाहरण मला फार आवडले. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. मालवाहू जहाजांवर ३१ वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात स्थायिक झालो. तिन्ही नावांच्या वादळांच्या कडेने गेलो आहे, म्हणून थोडे लिहितो.

तुमचे पहिले अनुमान बरोबर आहे. जमिनीवर वाफेचा पुरवठा तुटतो, आणि डोंगर, झाडे, घरे यांच्या घर्षणाने खालचे वारेही मंदावतात. फिरकीचे कारण मात्र पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे आहे. कमी दाबाकडे निघालेली हवा सरळ केंद्रात पोहोचत नाही. उत्तर गोलार्धात ती उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळवली जाते. त्यामुळे आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि ऑस्ट्रेलिया किंवा मादागास्करकडे घड्याळाच्या दिशेने. धुराड्याच्या लहानशा वाटेत या वळणाला वावच मिळत नाही. शेकडो किलोमीटरच्या वाटेवर ते दिसू लागते. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या साधारण पाच अंशांच्या पट्ट्यात, पाणी कितीही तापलेले असले तरी, चक्रीवादळे क्वचितच होतात. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत ‘वामेई’ तयार झाले, ती फार दुर्मीळ घटना मानली जाते.

जहाजावर आम्ही आकाशाआधी दाबमापक बघत असू. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा थोडा चढतो आणि दोनदा थोडा उतरतो, घड्याळ लावावे इतका नियमाने. ही रोजची चढउतार वजा करूनही दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबार खाली दिसला, तर कान टवकारायचे, आणि पाच मिलिबार खाली गेला, तर वादळ जवळपास आहेच असे धरून जहाजाची दिशा ठरवायची, असे आम्हाला शिकवले होते. त्याआधीही एक खूण मिळते. वाऱ्याचा पत्ता नसताना एका बाजूने लांब, संथ, एकसारख्या लाटा येऊ लागतात. त्या वादळाने पुढे धाडलेल्या असतात आणि ज्या बाजूने येतात तिकडे वादळ असते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो, हा नियम तर प्रत्येक खलाशाला पाठ असतो. पिडिंग्टन यांनी ग्रंथ लिहिला तोही मुख्यतः खलाशांसाठीच, आणि माझ्या मते त्यांचे नाव आपल्या शाळांत माहीत असायला हवे.

आता किनाऱ्यावरच्या लोकांच्या कामाची गोष्ट. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड केले, तर त्याची उजवी बाजू जास्त घातक असते, कारण त्या बाजूला वादळाचा चालण्याचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळवला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आले. त्याच्या उजवीकडे पडलेल्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांची दैना झाली, आणि आठवडाभर जिची धास्ती घेतली होती ती मुंबई डावीकडे राहून पुष्कळशी वाचली.

माझी थोरली बहीण श्रीवर्धनला दिलेली आहे. तीन-चार दिवस फोन लागला नाही. नंतर मी गेलो, तेव्हा तिच्या वाडीतल्या पोफळी मुळासकट पडलेल्या नव्हत्या, तर बऱ्याचशा मध्येच मोडल्या होत्या, छातीच्या उंचीवर, आणि मोडलेल्या सगळ्या बुंध्यांचे शेंडे एकाच दिशेला पडले होते. त्या दिशेवरून वारा कुठून आला ते मला वाडीत उभ्या उभ्या सांगता आले. ताई म्हणाली, “कौलं महिन्याभरात चढतील रे, पण या पोफळी सासऱ्यांनी लावलेल्या होत्या.” पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे जातात. ‘निसर्ग’चा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरातला होता, चक्रीवादळांच्या जगात हा आकडा मधल्या पायरीचा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

शाहूपुरी

चर्चा फार चांगली चालली आहे. मला एक सांगा. आमच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळा पुराचे पाणी आले. दोन्ही वेळा मोबाइलवर ‘चक्रीवादळामुळे कोल्हापूरला पूर’ असे संदेश फिरत होते. मे महिन्यात वळवाने पत्रे उडाले, तरी लोक चक्रीवादळच म्हणतात. यांतले खरे चक्रीवादळ कोणते? आणि पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात चक्रीवादळ का येत नाही?

भूगोलाची वही

शाहूपुरीकर, तुमच्या प्रश्नामुळे मला माझ्या धड्यात नसलेली गोष्ट लिहायची संधी मिळाली. कोल्हापूरच्या मुलाला हरिकेन आणि टायफून यांतला फरक समजण्यापेक्षा वळीव, मोसमी पाऊस आणि चक्रीवादळ यांतला फरक समजणे मला अधिक निकडीचे वाटते.

वळीव हा तापलेल्या जमिनीचा पाऊस आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत रान तापते, ओलसर हवा वेगाने वर चढते, चारच्या सुमारास ढगांचे डोंगर उभे राहतात, आणि मग ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चौफेर पसरते. पत्रे उडतात, आंबा झडतो, गारा पडतात, आणि तासाभरात तारे दिसू लागतात. हे सगळे काही गावांपुरते असते. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो, ते अनेक दिवस जगते आणि त्याचा रोख आधी सांगता येतो.

२०१९ आणि २०२१ चे महापूर मोसमी पावसाचे होते, चक्रीवादळाचे नव्हते. नैऋत्येकडून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला थडकून वर चढतात आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरांत रिते होतात. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागले की या वाऱ्यांची ओढ वाढते. ते क्षेत्र चक्रीवादळाच्या पायरीपर्यंत न पोहोचताही पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडू शकते. म्हणून पावसाळ्यात ‘चक्रीवादळ नाही ना, मग काळजी नाही’ असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. आपल्या गावाला बुडवणारे पाणी वादळाशिवाय येते.

जुलै-ऑगस्टमध्ये चक्रीवादळे सहसा का नसतात, याचे उत्तर वाऱ्यांच्या थरांत आहे. त्या महिन्यांत खाली पश्चिमेकडचे जोरदार वारे वाहतात आणि फार उंचावर पूर्वेकडचे. वर चढलेली उष्णता केंद्राच्या माथ्यावर टिकत नाही, भलतीकडे वाहून जाते. गुऱ्हाळकरी दादांच्या भाषेत सांगायचे तर धुराड्याचे वरचे तोंड कोणीतरी सतत बाजूला ओढत असते. शिवाय मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र घुसळला जाऊन थंडही होतो. त्यामुळे आपल्याकडे चक्रीवादळांचे हंगाम दोन : पावसाळ्याआधी एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. अटलांटिकमध्ये ही अडचण नसते, म्हणून तिथला हंगाम जून ते नोव्हेंबर असा सलग चालतो आणि सप्टेंबरात भर येतो. वायव्य पॅसिफिकचे पाणी तर इतके विस्तीर्ण आणि इतके उबदार आहे की टायफून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात होऊ शकते, आणि जगात सर्वाधिक वादळे त्याच भागात होतात. १९७९ च्या ‘टिप’ या टायफूनच्या केंद्रात दाब ८७० मिलिबारपर्यंत उतरला होता. समुद्रसपाटीला आजवर मोजलेला तो सर्वांत कमी दाब आहे.

कोल्हापूरला खऱ्या चक्रीवादळाची झळ लागलीच तर ती किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या वादळाची लागते. १६ मे २०२१ च्या रविवारी ‘तौक्ते’ कोकणासमोरून उत्तरेकडे चालले होते, तेव्हा आमच्या गच्चीवरची पाण्याची रिकामी टाकी वाऱ्याने सरकत कठड्याला जाऊन टेकली. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा ज्या जोराने दार ढकलतो, त्याच्या चौपट जोराने १२० चा ढकलतो. मध्ये सह्याद्री नसता तर काय झाले असते, याचा विचार करूनच मी त्या दिवशी गप्प झाले होते.

नववीचा पालक

बाई, माझा मुलगा म्हणतो की अमेरिकेत एक ते पाच नंबर असतात, मग आपल्या वादळांना नंबर का नाहीत? आणि वादळांना नावे कोण देते?

दर्यावर्दी

तुमच्या मुलाला सांगा, आपल्याकडेही पायऱ्या आहेत. फक्त त्यांना अंक नाहीत, शब्द आहेत. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीत ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, त्यापुढे १६७ पासून आणखी वरची पायरी आणि २२२ पासून महाचक्रीवादळ. अमेरिकेतल्या मोजपट्टीवर हरिकेनची सुरुवात ११९ ला होते आणि पाचवी पायरी २५२ ला लागते. म्हणजे आपण ज्याला चक्रीवादळ म्हणून नाव देतो, ते तिथे अजून हरिकेन झालेले नसते. इथेच पुष्कळ जण फसतात आणि ‘हरिकेन जास्त जोरदार’ असा समज करून घेतात.

आकड्यांची तुलना करताना आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकेत वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी घेतात, आपल्याकडे तीन मिनिटांची आणि जपानमध्ये दहा मिनिटांची. जितका अवधी लांब तितकी सरासरी खाली येते, त्यामुळे एकाच वादळाचे तीन ठिकाणी तीन आकडे निघतात आणि तिन्ही बरोबर असतात.

नावांचे म्हणाल, तर उत्तर हिंदी महासागरात २००४ पासून देशांनी सुचवलेल्या यादीतून ती दिली जातात. आधी आठ देश होते, आता तेरा आहेत, आणि २०२० च्या नव्या यादीत १६९ नावे आहेत. त्यांतले पहिले वापरले गेले ते बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’. ‘तौक्ते’ हे म्यानमारचे. त्यांच्या भाषेत ती एक पाल आहे. आपल्याकडे एकदा वापरलेले नाव पुन्हा येत नाही. अटलांटिकच्या याद्या मात्र दर सहा वर्षांनी फिरून येतात, आणि २००५ च्या ‘कॅटरिना’सारखे एखादे नाव लोकांच्या दुःखाशी जोडले गेले की ते यादीतून कायमचे काढतात.

नंबर वाऱ्याचा असतो, पण माणसे बहुधा पाण्याने मरतात, हेही त्याला सांगा. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर, उथळ आणि निमुळत्या होत गेलेल्या उपसागराच्या टोकाला, वाऱ्याने ढकललेले समुद्राचे पाणी रात्री बेटांवरून वाहून गेले आणि तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार गेली. २०१३ मध्ये त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. आमच्या बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की होड्या वर ओढायला सगळा गाव लागत असे. तशी ओडिशातली ती माणसे वेळेवर निघाली.

करवीरचा गुऱ्हाळकरी

ताई, नोव्हेंबरात आमचे गुऱ्हाळ पेटेल. वर्गाला एका सकाळी घेऊन या. सातच्या आत आलात तर थंडीमुळे वाफ आणि पत्र्याला सुटलेले थेंब दोन्ही नीट दिसतील. मुलांना काहिलीपासून चार हात लांब उभे करू, आणि एक मोठी थंड परात वाफेवर धरून ती किती लवकर तापते ते दाखवू.

भूगोलाची वही

दादा, नक्की येऊ. मुख्याध्यापकांची परवानगी उद्याच मागते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला परातीजवळ उभे करीन, आणि दर्यावर्दी काका, तुम्हालाही यावे लागेल; दाबमापकाच्या त्या चढउतारीचा आलेख मुलांना तुमच्याकडूनच काढून हवा आहे.